शेंदराखालचा नंबर

कुणाकडे काही म्हणजे काहीही न मागितलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. आमचे थोरले साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पंक्तीत पानात मीठ वाढायचं राहिलं तर ते अळणी जेवून उठत, पण वाढप्याला हाक मारत नसत. न्हाव्याकडे गेले की तो जसे कापील तसे केस घेऊन घरी येत. लग्नात सासऱ्यांनी त्यांना चारचौघांत विचारलं, तुम्हाला काय हवं ते सांगा, तेव्हा त्यांनी बराच विचार करून पाणी मागितलं, आणि तेही तांब्या जवळच होता म्हणून, अशी आमच्या सासुरवाडीची बखर आहे. मी धाकटा जावई. मी मनगटी घड्याळ मागितलं होतं, त्यामुळे ही बखर माझ्यासमोर जरा मोठ्या आवाजात वाचली जाई.

त्यांच्या या स्वभावाला बरीच वर्षं नाव नव्हतं. ते मिळालं गाडीच्या विम्यातून. वर्षभरात गाडीला काही झालं नाही आणि तुम्ही विमा कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. तुम्ही आम्ही ती सूट घेतो आणि विसरतो. साडभाऊंना मात्र वाटलं की वर बसलेल्या कुणीतरी अखेर आपली दखल घेतली. तेव्हापासून कुणी आग्रह करू लागलं की ते हात जोडून म्हणत, "आपला नो क्लेम हाय." दुसरी पुरणपोळी, नो क्लेम. आहेराचा टॉवेल, नो क्लेम. एकदा आर्णीच्या बाजारात बिथरलेल्या बैलाने बंडीचं जू त्यांच्या गाडीच्या दिव्यात घुसवलं. साडभाऊ उतरले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, बंडीवाल्याला कुठे लागलं का विचारलं, आणि काचा गोळा करून निघाले. मग हा विमा काय ओवाळायला घेतलाय का, असं मी चिडून विचारलं. "दाग लागते, मास्तर," ते म्हणाले. पुढचा अख्खा पावसाळा ती गाडी एका डोळ्याने फिरली.

पोटापाण्यासाठी साडभाऊ कापसाचे ग्रेडर होते. आर्णीच्या खरेदी केंद्रावर बंड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागत. हे गृहस्थ प्रत्येक मालातून मूठभर कापूस उपसत, त्यातला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत, जुळवत, पुन्हा ओढत, आणि धाग्याची लांबी नुसत्या नजरेने ताडून प्रत सांगत. उत्तम तो सुपर, डागाळलेला पिवळा पडलेला तो कवडी. ही सवय त्यांच्या बोटांतून कधी गेलीच नाही. एका लग्नात नवरदेवाच्या लोडाची शिवण उसवलेली त्यांना दिसली. बोलता बोलता त्यातला कापूस त्यांनी ओढून पाहिला आणि मुलीच्या बापाला दिलासा दिला की पोरगा चांगला आहे, लोड कवडी आहे. माणसांनाही ते प्रती लावत. मला त्यांनी फार पूर्वीच सांगून टाकलं होतं, "मास्तर, तुमी माल सुपर, पन ओला." याचं कारण मला चटकन रडू येतं. पाठवणी कुणाच्याही पोरीची असो, पहिला रुमाल माझा निघतो. ओल्या कापसाचं वजन वाढतं पण भाव पडतो, असं ते वर समजावूनही सांगत. ताईंची प्रत कोणती, असं मी एकदा त्यांना खिजवायला विचारलं, तर म्हणाले की घरचा कापूस केंद्रावर आणत नसतात.

ताई म्हणजे माझी मेव्हणी, आमच्या वऱ्हाडीत आकडसासू. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता. एकदा एसटीच्या पायरीवरून त्या पडल्या आणि तेव्हापासून त्यांनी बसचं नाव टाकलं. मग साडभाऊंनी जुनी का होईना, एक गाडी घेतली. त्या काळी घरोघरी दिसायची ती, हनुमंताच्या नावाची, छोटी, पांढरी. गाडी आली तशी ताईंची दुनिया परत उघडली. निघताना साडभाऊ वळसा घालून येत, दार उघडत, ताई बसल्या की त्यांचा तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत, साडीचा काठ दारात अडकत नाही ना ते पाहत, आणि मगच स्वतः बसत. उतरतानाही तसंच. यात त्यांना कधी घाई झालेली मी पाहिली नाही. गाडी ते इतकी हळू हाकत की पुसदला जेवायला बोलावलेले हे दोघे चहाच्या वेळेला पोचत, आणि बोलावणारे तेच धरून स्वयंपाकाला लागत. मुकुटबनला भाचीच्या लग्नाला जाताना मागून येणाऱ्या वरातीने त्यांना ओलांडलं होतं. "माहे पाय म्हंजे हे चार चाकं," ताई म्हणत. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. एकमेकांवाचून त्यांना दुसरं माणूस नव्हतं आणि त्याची त्यांना उणीवही वाटत नसावी.

आता शेंदराचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. गाडी विकणाऱ्याने बॉनेट उघडून मागच्या पत्र्यात ठोकलेला चेसिस नंबर साडभाऊंना दाखवला होता. बाहेरच्या पाटीवरचा नंबर बदलू शकतो, हा जन्मभर बदलत नाही, हीच गाडीची खरी ओळख, असं तो म्हणाला. बोलून गेला तो, भोगलं आम्ही. साडभाऊंनी हिशेब बसवला की पाटी म्हणजे अंगावरचे कपडे आणि हा नंबर म्हणजे आत्मा. त्यात गाडी हनुमंताच्या नावाची. म्हणजे बॉनेटच्या आत गाभारा झाला. दर शनिवारी आंघोळ करून, अनवाणी, ते बॉनेट उघडत आणि त्या नंबरावर तेल-शेंदूर चढवत. बॅटरीवर रुईच्या पानांची माळ असे. गॅरेजवाल्याला ऑइल बघायचं तर आधी चपला काढाव्या लागत, आणि तो बिचारा काढतही असे. वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढला, आणि गावाबाहेरच्या मारुतीचे नाकडोळे जसे हळूहळू बुजतात तसा तो नंबर बुजून गेला. कुणाला काही वाटलं नाही, कारण तो नंबर कुणाला कधी लागलाच नव्हता.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, मी काय नवीन सांगणार. कापूस होता तेव्हा भाव नव्हता आणि भाव आला तेव्हा कापूस नव्हता, आणि एका हंगामात तर केंद्र उघडलंच नाही. साडभाऊ तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जाऊन येत. कुलूप बघत, चौकीदाराशी दोन शब्द बोलत आणि परत फिरत. दिवसभर उशीतला कापूस काढून ओढत बसत. घरातल्या उशा चपट्या झाल्या, असं ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. काम मागायला ते कुणाच्या दारी जाणं शक्यच नव्हतं. शेवटी काम त्यांना शोधत आलं. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या एका जिनिंगवाल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना चालवणाऱ्या, शेठना कापूस ओळखणारा हात हवा होता. त्यांनीच निरोप धाडला. मागितलेलं नव्हतं, म्हणून साडभाऊंना ते घेता आलं. दिवाळीच्या पाडव्याला जिनिंगचा मुहूर्त होता. त्या दिवशी ग्रेडर हजर पाहिजे, नाहीतर शेठ दुसरा माणूस बघणार होते. राहायला खोली मिळणार होती ती कारखान्याच्या आवारात, गावापासून लांब, जिथे बस जात नव्हती.

ताईंनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "गाडी येत असन त मी येतो. नाही त त्या खोलीत दिवसभर भितीकडं पाहत बसा लागन मले." म्हणजे गाडी नदीपार गेली तर दोघं जाणार, आणि नाही गेली तर ते एकटे जाणार आणि ताई आमच्याकडे यवतमाळला राहणार. प्रश्न इतका सरळ होता.

सरळ प्रश्न वाकडा करण्यात साडभाऊंचा हात कुणी धरत नसे. सगळ्यांनी सांगितलं की गाडी नुसती घेऊन जा, यवतमाळच्या पाटीच्या कितीक गाड्या तिकडे फिरतात, नोंदणीचं पुढे सावकाश बघता येईल. ते ऐकेनात. "सून घरात आनली त नाव बदलते का नाही? मंग?" असा त्यांचा सवाल. शिवाय तिकडे काही झालं आणि विम्याच्या कागदावर आर्णीचा पत्ता निघाला तर नो क्लेमला बट्टा लागेल, ही धास्ती होतीच. महाराष्ट्रात कमावलेला नो क्लेम आंध्रात धरतात का, आणि तेलुगूत त्याला काय म्हणतात, हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं की मी स्वप्नात तेलुगू बोलू लागलो. शेवटी रीतसर करायचं ठरलं. आधी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असा दाखला. मग तिकडे नवी नोंदणी आणि नवा नंबर. तो नंबर मिळाला की विम्यावर तो आणि नवा पत्ता चढवून घ्यायचा. अर्ज इंग्रजीत असल्यामुळे मास्तर म्हणून मी आपोआप कामाला जुंपला गेलो. आणि एनओसीसाठी इन्स्पेक्टर स्वतः चेसिस नंबरावर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतो, हे मी साडभाऊंना वाचून दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली होती. त्या मानेचा अर्थ मी तेव्हा विचारायला हवा होता, पण मला वाटलं, मान हलली म्हणजे कळलं.

दिवाळी तोंडावर आली होती. यवतमाळच्या आरटीओच्या मागच्या मैदानात निंबाखाली गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर साहेब कानावर पेन्सिल खोचलेले, बारीक, घाईतले. दुपारनंतर ते पुसदच्या कॅम्पला निघणार होते, आणि तिथून परतेपर्यंत सुट्ट्या लागणार होत्या. म्हणजे आज ठसा निघाला नाही तर पाडव्याच्या आत एनओसी नाही. हे त्यांनी रांगेतल्या सगळ्यांनाच सांगून ठेवलं होतं. ताई पुढच्या सीटवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमचा नंबर आला. साडभाऊंनी चपला काढल्या आणि बॉनेट उघडलं.

आतून भगव्या लाल शेंदराचा तो जाडजूड थर चमकला, आणि साहेबांचा हात आधी कपाळाला गेला, मग पेन्सिलीला. मागच्या जीपवाल्याने वाकून पाहिलं आणि त्यानेही हात जोडले. रांगेतले लोक गोळा झाले. कुणीतरी रेडिएटरवर एक नाणं ठेवलं. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात साहेबांनी नंबर दाखवा म्हटलं, आणि माझं हसू जागच्या जागी मेलं.

"अंदर हाय," साडभाऊ म्हणाले.

"अंदर म्हणजे?"

"देवाच्या मांगं."

साहेब भला माणूस होता. तो ओरडला नाही. त्याने एवढंच सांगितलं की नंबर दिसल्याशिवाय ठसा नाही, ठशाशिवाय एनओसी नाही, आणि शेंदूर खरवडायला माझा हात धजणार नाही, मी घरी शनिवार करतो. पुसदची जीप निघेपर्यंत तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून तो मागच्या गाडीकडे गेला. मी शेजारच्या गॅरेजमधून रॉकेल आणि फडकं आणायला पळालो. गॅरेजवाले चाचा मदतीला बाहेरही आले, पण बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले की मास्तर, रॉकेल पाहिजे तेवढं घ्या, मात्र यावर मी हत्यार चालवणार नाही, उद्या काही वेडंवाकडं झालं तर माझं नाव होईल. त्यांचंही बरोबर होतं. मी बाटली घेऊन परत आलो तर साडभाऊ बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभे.

ते मला समजावू लागले. त्यांच्या गावच्या मारुतीने त्यांच्या आजोबांच्या काळात शेंदराची खोळ टाकली होती. कुणी हात लावला नव्हता. एका सकाळी ती आपणहून गळून पडली, आत जुनी काळी मूर्ती निघाली, आणि गावाने वाजतगाजत खोळ नदीला नेली. खोळ आपल्या वेळेला पडते, तिला सांगायचं नसतं. मी म्हटलं, साडभाऊ, पुसदची जीप तुमच्या देवासाठी थांबणार नाही. ते हात पसरून तसेच उभे. मी म्हटलं, निदान हात जोडून त्याला विचारा तरी. तर म्हणाले की आजवर त्याच्याकडे काही मागितलं नाही, आता कशाला तोंड उघडू. तिथे माझा तोल सुटला. भर मैदानात मी त्यांना म्हणालो की तुमचा नो क्लेम घाला चुलीत, हा स्वाभिमान नाही, हा शुद्ध आडमुठेपणा आहे, आणि त्याचा हप्ता दरवेळी दुसरंच कुणीतरी भरतं. लोक बघत होते. साहेब शेवटच्या टेम्पोपाशी पोचले होते. ड्रायव्हरने पुसदची जीप फाटकापाशी आणून लावली होती.

साडभाऊंनी त्या जीपकडे पाहिलं, शेंदराकडे पाहिलं, आणि खाली बघत मला म्हणाले, "मी एकटा जातो, मास्तर. हिले तुमच्याकडं राहू द्या."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. पुढच्या सीटची काच खाली होती. ताईंनी ते ऐकलं.

दार उघडल्याचा आवाज आला. ते दार आतून उघडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ताईंनी आपला पाय स्वतःच्या हातांनी बाहेर ठेवला, दाराला धरून उभ्या राहिल्या, आणि गाडीच्या अंगावर हात टेकत टेकत पुढे आल्या. साडभाऊ धरायला धावले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. डब्याच्या पिशवीतून त्यांनी सराटा काढला. झुणका वाढायला आणलेलं उलथणं, लोखंडी, पातळ धारेचं. बॉनेटपाशी येऊन त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डावा हात शेंदराला लावून कपाळाला लावला, आणि शेजारीण शेजारणीशी बोलते तशा आवाजात म्हणाल्या:

"देवा, मले जा लागते. तू थोडा सरक."

आणि सराटा लावला.

पहिल्यांदा नुसता भुगा पडला. मग ताईंनी धार तिरपी घातली, जराशी उचकली, आणि तळहाताएवढी खपली अख्खी सुटून आली. आजूबाजूचा सगळा पत्रा गंजून तपकिरी झाला होता आणि आत काय असेल ते मला दिसतच होतं. ताईंनी रॉकेलचं फडकं मागितलं आणि पुसलं. आत गंज नव्हता. अक्षरं आणि आकडे कारखान्यातून काल निघाल्यासारखे उभे होते. हा शेंदूर म्हणजे लोखंडाला गंजू नये म्हणून लावतात त्याच जातीचा रंग, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला त्या घटकेला सुचलंच नाही. मला त्या घटकेला फक्त रडू येत होतं. साहेबांनी जीपच्या पायरीवरून पाय परत घेतला, कागद लावला, पेन्सिल घासली, आणि ठसा घेऊन झाल्यावर ताईंना वाकून नमस्कार केला. साडभाऊ खाली बसून शेंदराची एकेक खपली आपल्या टोपीत वेचत होते. गाडीत बसताना त्यांनी नेहमीसारखा ताईंचा पाय उचलून आत ठेवला. आमच्या दारात गाडी थांबवल्यावर त्यांनी ताईंना एवढंच विचारलं, "पाय दुखला का?"

पाडव्याला दोघंही आदिलाबादला होते. जाताना पैनगंगेच्या पुलावर थांबून साडभाऊंनी टोपीतली खोळ नदीत सोडली, आणि खाली वाहतं पाणी नेमकं कोणत्या राज्याचं आहे याची पुलावरच्या एका मासेवाल्याकडे चौकशी केली. पुढे नवा नंबर मिळाला तेव्हा त्यांनी सुनेचं नाव लिहितात तसा ताटात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीने तो नंबर लिहिला, आणि जिनिंगच्या हमालांना पेढे वाटले. विमा बदलून आल्यावर मला मुद्दाम फोन आला. "नो क्लेम इकडंही चालते, मास्तर." त्या आवाजातला आनंद मी इथे लिहू शकत नाही. आम्ही दर उन्हाळ्यात जात होतो. ताई हमालांच्या बायकांकडून तेलुगू शिकल्या. साडभाऊ शेवटपर्यंत शिकले नाहीत, कापूस ओढून दाखवत आणि तेवढ्यावर भागे. काही वर्षांनी तर गंमतच झाली. त्या राज्याचे दोन भाग झाले आणि साडभाऊ खुर्चीतून न उठता तिसऱ्या राज्यात गेले. तेव्हाही फोन आला. "मास्तर, मी त काही मांगतलं नव्हतं. आता हेची एनओसी कोन आनन?"

ते गेले तेही तसेच. दुपारी जेवून आडवे झाले, ताईंनी चहाला हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली नाही. औषध नाही, दवाखाना नाही, कुणाला धावपळ नाही.

ताईंना आणायला आम्ही गेलो. त्यांनी सामान फार घेतलं नाही, पण गाडी येणार हे आधीच सांगितलं. गाडी आता म्हातारी झाली होती आणि तिला माझ्यासारखाच दम लागत होता. पुन्हा तेच सारं उलट्या दिशेने. तिकडची एनओसी शेठच्या मुनीमजींनी गाडी न नेता ओळखीवरच काढून आणून दिली. विम्याच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की यजमानांचा नो क्लेम वारस म्हणून पत्नीला मिळतो. साडभाऊंनी ताईंच्या नावे इस्टेट म्हणावी अशी एवढीच ठेवली होती. ताईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि पदर डोळ्यांना लावला.

यवतमाळच्या त्याच मैदानात, त्याच निंबाखाली मी गाडी उभी केली. इन्स्पेक्टर आता एक तरुण मुलगी होती. मी या वेळी शहाणा होऊन रॉकेलची बाटली आणि फडकं घरूनच नेलं होतं. ताई पुढच्या सीटवर होत्या आणि त्यांच्या पिशवीतून सराट्याचा दांडा दिसत होता. साडभाऊंचा शनिवार आदिलाबादलाही चुकला नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी चपला काढल्या आणि बॉनेट उघडलं.

शेंदूर होता. पहिल्यापेक्षाही जाड, पत्राभर पसरलेला. पण मधोमध नंबराएवढी जागा मोकळी होती. कडा सरळ, कोपरे नीट. दर शनिवारी कुणीतरी तिथे पट्टी धरून, जपून, चारही बाजूंनीच शेंदूर लावला होता, आणि आतले आकडे तेलाच्या बोटाने पुसून ठेवले होते.

इन्स्पेक्टर मुलीने कागद लावला, ठसा घेतला आणि झालं म्हणून पुढच्या गाडीकडे गेली.

"भाऊजी, सराटा देऊ का?" ताईंनी आतून विचारलं.

माझा रुमाल निघाला. ओला माल. मी वळसा घालून गेलो, दार उघडलं, त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला आणि त्यांना धरून पुढे आणलं. ताई बॉनेटवर वाकल्या. मग त्या मोकळ्या चौकटीच्या कडेवरून त्यांनी एक बोट हळूच फिरवलं.

"सरकला म्हनाचा," त्या म्हणाल्या.

कोण, ते मी विचारलं नाही. त्यांनी सराटा पदराने पुसला, वापरला नव्हता तरी, आणि पिशवीत ठेवून दिला.